खुर्चीचा उजवा हात

वरची वाडी, ता. पोलादपूर
८ फेब्रुवारी २०२६

चि. अक्षदा हिस,

तुला एक आजी हाय, तिचं नाव बनुबाई, आणि ती अजून मेलेली नाय, हे आधी लिहून टाकते. नायतर पाकीट फोडून विचारशील, ही कोण बाई. दिवाळीला जाताना बोललीस, "आजी, पोचल्यावर पत्र टाकते." पुणं लांब सरकलं की काय, अजून पोचलेली दिसत नायस. आयसला फोन करतेस ते माहीत हाय. पण रेंज हाय देवळामागच्या कातळावर आणि माझे गुडघे हायत अंगणात. शिवाय फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस. कागदाला तसं करता येत नाय.

लिहितेय ती शर्मिला, बौद्धवाडीतली, अंगणवाडीची ताई. पोरांची खिचडी वाढून झाली की येते. मी बोलीन तसंच लिही अशी तिला शपथ घातलीय. ती काय लिहिते ते मला दिसतं, पण कळत नाय.

आता कामाचं. तुझ्या बापसाची आरामखुर्ची माळ्यावरून उतरवली. महाडात टायरच्या दुकानामागं त्याची खोली व्हती, तिथं सांजचा तो पाय पसरून बसायचा ती. सागवानी, वेताची, लांब हातांची. एकवीसच्या पुरानं ती उचलून दोन गल्ल्या पलीकडं नेऊन ठेवलान. खुर्ची सापडली, बसणारा सापडला नाय. तेव्हापासून ती माळ्यावर व्हती. आता बघते तर राख फासल्यागत पांढरी पडलीय. भिकाजी सुतार आला, बोलला, पॉलिश पेपरनं पार खरवडून काढतो आणि नवीन चकचकीत मारतो. मी बोलली, तो पेपर आधी तुझ्या तोंडावर फिरव, सुरकुत्या जातील. मंग गेला रागावून.

तू तिकडं जुनं सामान नीट करायची नोकरी करतेस ना? मंग सांग कसं करू. खरवडायचं नाय. त्या लाकडावर किशोरचा हात फिरलेला हाय.

घाई कशाला ते तुला ठाऊक हाय. वैशाखात तुझं लगीन. हर्षदकडची पत्रिका छापून झाली, आपली अडकलीय एका अक्षरावर. तुझी आयस बोलते, किशोरच्या नावाआधी कै. लावा, सरकारनं दाखला दिलाय. मी बोलते, श्री. लावा. सरकारनं त्याला बघितलंय काय? आम्ही दोघी एका चुलीवरचं जेवतो आणि एकमेकीशी भांड्यांतनं बोलतो. ती पातेलं आपटते, मी परात.

खुर्ची मांडवात ठेवायची हाय. आला तर बसंल. नाय आला तर तिच्यावर सुपारी मांडू. जो हजर नाय त्याची सुपारी चालते. जो मेला त्याची चालत नाय. म्हणून श्री. पाहिजे.

तुझी आजी, बनुबाई

(अक्षदा, या ओळी माझ्या आहेत. आजी रोज सकाळी त्या खुर्चीला विचारतात, "झोप लागली काय रे?" मी लिहिते तेवढं लिहिते, पण तुला माहीत असावं. — शर्मिलाताई)


पुणे
१४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पोचले. दिवाळीपासून चालत होते, आज पोचले. आता माफ कर.

भिकाजीकाकांना हात लावू दिला नाहीस ते फार चांगलं केलंस. खरवडलं की जुनं पॉलिश गेलं, आणि ते पुन्हा कुठून आणणार? आमच्याकडे तोच पहिला धडा असतो. जुनं काढायचं नाही, त्यालाच मऊ करायचं आणि पुन्हा जागेवर बसवायचं.

आधी एक परीक्षा कर. बैठकीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लाव. चिकट झालं तर ते चपडी लाखेचं पॉलिश आहे. बाबांची खुर्ची जुन्या बाजारातली, म्हणजे लाखच असणार. लाखेला पाणी लागलं की ती पांढरी पडते. ती मेलेली नसते, तिच्या अंगात ओल शिरलेली असते.

मग असं कर. मऊ सुती चिंधी, जुन्या लुगड्याची चालेल. तिच्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन सगळा चिखल आणि मळ पुसून काढ. पाणी अजिबात नको. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सारखं मिसळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने चोळ. पांढरं निघेल. जिथे निघणार नाही तिथे दुसऱ्या चिंधीला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतकंच लावायचं आणि भरभर फिरवायचं. थांबायचं नाही. थांबलीस की चिंधी चिकटते आणि तिची वीण पॉलिशवर उमटते. नुसता हात टेकला तरी हात उमटतो, इतकी लाख तेव्हा मऊ असते.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव.

डबे आणि बाटल्या एसटीच्या पार्सलने पाठवल्या आहेत. जीपवाल्या हैबतीदादांना पोलादपूर स्टँडवरून घ्यायला सांग.

पत्रिकेचं तुम्ही दोघी ठरवा. तुम्ही म्हणाल ते मला चालेल.

तुझी अक्षदा


वरची वाडी
२७ फेब्रुवारी

चि. अक्षदास,

"तुम्ही म्हणाल ते चालेल" असं बोलणारं माणूस एकतर लबाड असतं नायतर जेवायच्या घाईत. तू कोण ते लिही. तू कुणाच्या बाजूची, माझ्या की आयसच्या? विचारलंय, विसरू नको.

तुझं सामान आलं. हैबतीनं ते जिपीत पुढच्या शिटीवर बसवलान आणि एका पाहुण्याला मागं टपावर. टर्पेंटाइनच्या वासानं कोंबड्या अंगण सोडून गेल्या. तुझी आयस बोलली, घराचा पेट्रोल पंप केलात. ती बोलली ती माझ्याशीच, भांड्याशी नाय, म्हणून मी रागावली नाय.

खालून बोळा लावला, चिकट झालं. लाखच ती. मंग पुसायला बसली. काय चिखल निघाला गो. चिंधीमागून चिंधी. तो आपल्या नदीचा चिखल नव्हता असं मला वाटतं, त्याला टायरचा वास येत व्हता. मंग तेल चोळलं. पाठीचा भाग आधी उजळला, मधासारखा. नंतर पाय. नंतर डावा हात. ह्या वयात मला नोकरी द्यायला सांग तुझ्या शेठला, चहा दोन वेळचा आणि विडा.

उजव्या हाताला मात्र येळ लागला. शेवटी स्पिरिटची चिंधी फिरवली, तू सांगितलंस तशी, न थांबता. तो पण उजळला. सगळी खुर्ची लाल-पिवळी झाली आणि मी निजली.

सकाळी बघते तर उजव्या हातावर पुन्हा पांढरं. सगळीकडं नाय. हाताचा पंजा, तेवढाच. तळवा, अंगठा, बोटं. मधलं बोट तोकडं.

तुझ्या बापसाचं मधलं बोट टायरच्या रिंगमध्ये गेलं तेव्हा तू पाळण्यात व्हतीस. तू ते कायम तोकडंच बघितलंस.

मी चिंधीनं पुसलं, गेलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा आलं. आता रोज येतं. मी आयसला बोलावून दाखवलं. बोलली, "तुम्हीच हात ठेवला असंल." मी माझा हात ठेवून दाखवला. माझ्या हाताएवढी त्याची चार बोटंच व्हती.

आता तू सांग, मेलेला माणूस रोज रोज हात टेकवायला कशाला येईल? त्याला काय दुसरं काम नाय? ज्याला घरी यायचं असतं तोच दारावर, खुर्चीवर हात ठेवतो. श्री. लावायला सांग छापखान्याला.

तुझी आजी

(अक्षदा, मी बाबासाहेबांच्या घरातली. असलं काही मी मानत नाही आणि मुलांनाही मानू देत नाही. म्हणून मी स्वतः सकाळी लवकर आले आणि पाहिलं. ठसा आहे. बोट लावलं तर ओलं लागतं. हवा इतकी कोरडी आहे की अंगणात पापड दुपारपर्यंत वाळतात. आणखी एक. तुझी आई त्या खोलीतून जाताना खुर्चीला वळसा घालून जाते. खुर्चीला नव्हे, खुर्चीच्या पुढच्या मोकळ्या जागेला. कुणीतरी पाय पसरून बसलंय आणि त्याला ओलांडायचं नाही, अशी.)


पुणे
४ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना विचारलं. त्यांनी असं पाहिलंय. ऐक.

माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी हात ठेवतो तेव्हा तिथलं पॉलिश झिजतं आणि घाम लाकडात मुरतो. घामात मीठ असतं. मिठाचं आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं ते तुला सांगायला नको, बरणीत पाणी सुटतं. तसंच ते लाकडातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि लाखेला खालून पांढरं करतं. बाबांचा हात तिथे असायचा, म्हणून ठसा बाबांच्याच हाताचा येणार. मधलं बोट तोकडं येणार. त्यात कुणी येत-जात नाही, आजी.

तुला पटत नसेल तर एक खूण सांगते. डाव्या हातावर बाबा कधी हात ठेवत नसत. तिथे त्यांचा चहाचा ग्लास असायचा. म्हणून डावीकडे पंजा कधीच उमटणार नाही. बघ तू.

खुर्ची मोरीपासून लांब, वारा लागेल अशी ठेव. उन्हात नको. रोज सकाळी ठसा कोरड्या फडक्याने टिपून घे. मीठ संपलं की थांबेल.

आई कशी आहे? तिला रात्रीचं जेवण जातं का? तिला फोनवर विचारलं तर ती तुझ्याबद्दल सांगते, आणि तू पत्रात तिच्याबद्दल. तुम्ही दोघी मला मध्ये बसवून भांडता.

तुझी अक्षदा


वरची वाडी
१५ मार्च

चि. अक्षदास,

मी विचारलं एक, तू उत्तर दिलंस मिठाचं. कुणाच्या बाजूची ते लिहायला पुन्हा विसरलीस. तुझ्या सासूबाईंना आधीच सांगून ठेवते, ही मुलगी गॅसवर दूध ठेवून पुस्तक वाचायला जाईल.

खुर्ची दाराजवळ सरकवली. पंजा येतोच हाय. डावीकडं पंजा आला नाय, तुझं खरं. डावीकडं गोल आला. पांढरा, ग्लासाच्या बुडाएवढा.

घरात त्या खुर्चीवर कुणी चहा ठेवलेला नाय. तुझी आयस उठल्याशिवाय चूल पेटत नाय, आणि ती उठली तेव्हा गोल आधीच व्हता. ती बघून आत गेली आणि चहात साखर घालायला विसरली. आम्ही दोघींनी तसाच प्यायला.

आपल्याकडं माणूस गेलं की सुपात तांदळाचं पीठ पसरतात, वर पाटी उपडी घालतात. सकाळी पिठात काय उमटलं ते बघतात. पाऊल उमटलं की समजायचं, माणूस वाटेला लागला. किशोरचं मी हे करू दिलं नव्हतं. जो गेला नाय त्याचं पीठ कशाला मांडायचं? पण परवा मी खुर्चीपुढं तसंच पीठ पसरलं, वर पाटी घातली. त्याच्यासाठी नाय. कोण चोर येऊन माझी चेष्टा करतंय ते बघायला.

पिठात काय उमटलं नाय. साफ व्हतं.

जास्त लिहायचं नाय आज. डोकं दुखतंय.

आजी

(अक्षदा, पीठ साफ नव्हतं. मी अंगणवाडीची किल्ली घ्यायला आले होते, दारातच उभी होते. पाटी उचलली तेव्हा पिठात एक पाऊल होतं. उजवं. मोठ्या माणसाचं. टाच खुर्चीकडे आणि बोटं दाराकडे. आजींनी ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता पदराने पुसलं. मग ते पीठ कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी खाल्लं नाही. आज त्यांनी "साफ व्हतं" सांगितलं तेव्हा पेन थांबलं, पण तेही लिहिलं. डाव्या हातावरचा गोल मी बोट लावून पाहिला होता. कोमट होता.)


पुणे
२२ मार्च

शर्मिलाताई, हा पहिला परिच्छेद मनातच वाच. तू लिहिलंस त्याबद्दल तुझे उपकार आहेत. आजीला मी काही विचारणार नाही. तिने पाऊल पुसलं असेल तर ते तिचं आहे. तुझ्या ओळी वाचल्या त्या रात्रीपासून मी इथे कुठल्या खुर्चीला हात लावताना आधी तो पुसून घेते. ग्लासाच्या गोलाचं मीठ मला सापडत नाही. आता पुढचं मोठ्याने वाच.

प्रिय आजी,

खुर्चीचं शेवटचं काम राहिलं आहे. जिथे झिजलंय तिथे लाख चढवायची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सोबत पाठवते आहे. कापसाचा गोळा सुती फडक्यात बांध, त्यावर लाख घे, वरून तेलाचं एक बोट, आणि पातळ हात दे. वाळू दे. पुन्हा दे. घाई केलीस तर चिकट राहील.

पण नीट ऐक, कारण हे एकदाच करता येतं. ठसा ओला असताना त्यावर लाख चढवायची नाही. चढवलीस तर ओल आतच राहील. पंजा लाखेखाली कायमचा अडकेल. मग तो मलाही काढता येणार नाही, साहेबांनाही नाही. तो काढायचा तर सगळं खरवडावं लागेल, आणि ते तू होऊ देणार नाहीस.

म्हणून आधी तो आपणहून यायचा थांबला पाहिजे. लाकूड कोरडं झालं पाहिजे. मग लाख. आणि थांबलाच नाही, तर ती जागा तशीच राहू दे. झिजलेली जागा हा काही दोष नसतो.

तू विचारलंस, कुणाच्या बाजूची. मी विसरले नव्हते. मला भीती वाटत होती. कै. छापलं तर माझ्याच लग्नाच्या कागदावर मी बाबांना मारलं असं वाटेल. श्री. छापलं तर मांडवात मी हर्षदकडे बघायचं सोडून येणाऱ्या प्रत्येकाची बोटं बघत बसेन. चार वर्षं तेच करते आहे, एसटीत, दुकानात, सिग्नलला. आजी, मला आता दमायला झालंय. पण तुझा हात सोडून मला काही ठरवायचं नाही. तू जे छापायला सांगशील ते मी छापखान्याला फोन करून सांगेन. महिन्याअखेरीपर्यंत कळव, नाहीतर पत्रिका लग्नानंतर वाटाव्या लागतील.

तुझी अक्षदा


वरची वाडी
१० एप्रिल

चि. अक्षदास,

महिन्याची अखेर उलटली, मला माहीत हाय. तुझं विसरणं मला लागलं असं समज.

पहिलं शर्मिलेचं. मी बोलायची थांबली की हिचं पेन थांबत नाय. मला अक्षर येत नाय, पण पेन कागदावर चालल्याचा आवाज येतो. पहिल्या पत्रापासून येतोय. मी बोलली नाय, कारण जे मला सांगवत नव्हतं ते कुणीतरी तुला सांगायला हवं व्हतं. आता ती मान खाली घालून लिहितेय. लिही गो, लिही, कान लाल झाले तरी लिही.

आता खुर्चीचं. तुझी लाख आली. तू लिहिलंस, ओल्यावर चढवली तर पंजा कायमचा आत राहील. शर्मिलेनं ते वाचलान आणि माझ्याकडं बघितलान. तिला कळलं मी काय करणार ते.

सकाळी बोळा बांधला. त्यावर लाख घेतली. पंजा आलेला व्हता, रोजच्यासारखा. मी म्हटलं, आता कुठं जातोस. पुरानं नेलान, सरकारनं नेलान, तुझ्या बायकोनं मनातनं नेलान. आता ह्या लाकडात ऱ्हा. मांडवात ठेवीन, माझ्या म्हातारपणात ठेवीन. बोळा उचलला.

पण लाख लावायच्या आधी हात ठेवून बघावा वाटलं. एवढे दिवस मी त्याच्यावर चिंधीच फिरवली व्हती, हात ठेवला तो फक्त मापायला. माझा पंजा त्याच्या पंजावर ठेवला. अक्षदा, तो गार व्हता. लाकूड गार असतं तसा नाय. पाण्यात ऱ्हायलेलं माणूस गार असतं तसा. लहानपणी नदीत डुंबून यायचा, ओठ निळे करून, आणि दारात उभा ऱ्हायचा. आत ये म्हटलं तरी येत नसे, घर ओलं व्हईल म्हणून. मी पुसेपर्यंत थांबायचा.

तेव्हा कळलं. हा घरी यायला हात टेकवत नाय. हा थांबलाय. पुसायला कुणीतरी यावं म्हणून थांबलाय. आणि मी त्याच्या अंगावर लाख चढवायला निघाली, ओल्या अंगावर.

बोळा ठेवला. पदरानं पुसलं. घासून नाय, डोकं पुसतात तसं, टिपून टिपून. एकेक बोट. तोकडं बोट पण.

दुसऱ्या सकाळी पुन्हा आला, पण फिका. पुन्हा पुसलं. असं करत ऱ्हायली. एका सकाळी मी उठली तर तुझी आयस तिथं बसलेली, तिच्या पदरानं पुसत. ती डाव्या हाताचा गोल पुसत व्हती. बोलली, "महाडात चहा मीच ठेवायची हो इथं. आता कोण ठेवतं ते माहीत नाय." मंग तिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो. भांडी मधी नव्हती.

परवा सकाळी काय आलं नाय. लाकूड नुसतं लाकूड व्हतं, झिजलेलं, कोरडं. दिवसभर वाट बघितली. आज पण नाय. मंग लाख चढवली. पातळ हात, वाळू दिला, पुन्हा पातळ हात. आयसनं बाटली धरलीन. झिजलेल्या जागेवर पण दिला, पण भरली नाय ती. हात ठेवला की खळगा लागतो. तो ऱ्हाऊ दे.

भटजींना विचारलं. अंग सापडलं नाय तर दर्भाचा पुतळा करून दिवस करतात म्हणाले, चैत्रातच करून घेऊ. तो जाऊन वरीस केव्हाच सरलंय, लगनाच्या आड येत नाय. तेव्हा पत्रिकेत कै. लाव. मी सांगितलं म्हणून लाव, तू मारलंस असं मनात आणू नको. मी पुसून पाठवलाय त्याला. मांडवात त्या खुर्चीत मी बसणार. तुझ्या सासूबाईंना सांग, ती आधीच घेतलेली हाय.

एक सांगायचं ऱ्हायलं, शर्मिलेनं नायतरी लिहिलंच असतं. ज्या पदरानं पुसलं त्याचं टोक वाळत नाय. उन्हात टाकते, दुपारला बाकीचं लुगडं पापडासारखं कडक व्हतं आणि ते टोक ओलं. पिळलं तर थेंब पडतो. नदीचा वास येतो, आणि थोडा टायरचा. शर्मिलेनं हात लावून बघितलान, मंग तिनं आपला हात पुसला नाय, तसाच ठेवलान. तुझ्या साहेबांना ह्याचं मीठ विचारू नको. एवढी ओल माझ्याकडं ऱ्हायली तर मला चालते.

तू येशील ती नवरी बनून येशील, पण त्याच्या दिवसांना तुला येता नाय आलं तरी हैबतीच्या हाती पोचंल असं काय तरी पाठव. आलेपाकाच्या वड्या पाठव, पुण्याच्या. झणझणीत असू देत, नुसत्या साखरेच्या नकोत. आणि जरा जास्त बांध. एवढी वर्सं ओल्यात काढलेल्या माणसाला वाटेत लागतील.

तुझी आजी